टेकू

"भरमाण्णा, प्रिंटरात कागद घाला,"
मॅडमचा आवाज जिन्यावरून खाली आला.
हात धुतले, तरी नखांत सिमेंट राहतंच.
वर त्यांचा बढतीचा अर्ज
एका रकान्यावर अडकलेला.

शोधनिबंध सत्तेचाळीस.
संदर्भ अकराशे बारा.
एच-इंडेक्स सतरा.
"सतरा म्हणजे काय हो?"
"सतरा निबंध असे, की प्रत्येकाला
निदान सतरा ठिकाणी लोकांनी आधाराला घेतलंय."
टेकू, म्हणजे.
टेकू मला कळतो. स्लॅब ओला असतो तोवर
खालचे बांबू मोजतो फक्त ठेकेदार,
भाडं द्यायचं असतं म्हणून.

सगळ्यांत जास्त टेकू झाली काळी वाळू.
उद्यमबागेत फौंड्रीच्या मागं फेकलेली, जळकी.
मुल्लांच्या टेम्पोतून रविवारी आणली आम्ही,
चाळली, नदीच्या वाळूत मिसळली,
दहा टक्के, वीस, तीस.
एकशे बासष्ट ठोकळे, प्रत्येकावर तारीख
माझ्या अक्षरात.
अठ्ठाविसाव्या दिवशी तिसाच्या मालाला
मशीनचा काटा मधेच थांबला आणि मागं आला.
मी त्यांच्याकडं बघितलं.
पुढच्या महिन्यात सुरतेला परिषद होती.
"बरीरी," त्या म्हणाल्या. लिहा.
आलंय तेच लिहा.
चिडल्या की कन्नड, हिशेबाला मराठी,
छापायला इंग्रजी, असं त्यांचं.
त्या दिवशी चिडल्या नव्हत्या,
तरी कन्नडच आली.

मग ते एवढंसं वाक्य, तिसाला ताकद घटते,
तुर्कस्तानात कुणी घेतलं, ब्राझीलात कुणी.
एका पोरीनं कळवलं,
तुमच्या त्या आकड्यानं माझं वर्ष वाचलं.
फौंड्री आता बंद. तिथं मंगल कार्यालय झालंय,
माझ्या भाचीचं लग्न तिथंच लागलं,
अक्षता टाकताना चपलेखाली
काहीतरी करकरलं.
निबंधाच्या शेवटी आभार आहेत,
प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांचे. अनेकवचनात.
खाली मी एकटाच असतो.

अडकलेला रकाना शेवटचा: इतर लेखन.
खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या रानाअलीकडं,
ओढ्यावरचा एक जुना पूल.
मॅडम कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या,
मी काठावर दोर धरून.
दुसऱ्या खांबाचा पाया खालून खाल्लेला,
कोपरापर्यंत हात आत गेला त्यांचा.
दोन पानं कन्नडमध्ये, खात्याला.
पोच मिळाली. उत्तर नाही.
एक पान मराठीत, मी लिहिलेलं,
चिकटवलं दूध डेअरीच्या भिंतीवर.
श्रावणात पाणी चढलं तसं
सेक्रेटरी जोतिबा घाडींनी ते पुन्हा वाचलं
आणि रातोरात करवंदीच्या जाळ्या तोडून
पुलावर आडव्या टाकल्या.
चार दिवस शिव्या खाल्ल्या गावाच्या.
पाचव्या पहाटे पूल गेला.
मोकळाच गेला.

"याला जर्नल कुठलं लिहू?"
मॅडम स्वतःशीच.
अर्ज पुढं सरकेना, आकडा मागूलता.
त्यांनी शून्य टाकलं.
सरकला.

मी कागद सारखे करत उभा.
म्हटलं, ते पान अजून आहे हो भिंतीवर,
गेल्या महिन्यात गेलतो.
खालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी पेनानं
फॅटचा हिशेब केलाय, तीन दशांश आठ,
आणि बाजूला, दुसऱ्याच अक्षरात,
"नव्या पुलाचंबी असंच
कुणाला तरी बघायला सांगा."

प्रिंटर घरघरत होता.
मॅडम वळल्या माझ्याकडं.
"भरमाण्णा," म्हणाल्या,
"तो दोर आहे न्हवं आपला?"